वारा नाही, तरी खडप फुटतंय! मे महिन्यात दर्यावर जाणाऱ्या अनगोळकरांसाठी



मे महिना लागला की आपल्या अनगोळात दोन गोष्टी ठरलेल्या. पोरांना सुट्टी पडते आणि शनिवारी रात्री कुणाची तरी गाडी आंबोली उतरून मालवण नाहीतर वेंगुर्ल्याच्या वाटेला लागते. आणि पहाटे खालून येणाऱ्या टेम्पोतल्या पेट्या कधी गच्च भरून येतात, तर कधी अर्ध्या. मग आमच्या मावश्या टेम्पोवाल्याला विचारतात, "काय रे, तुफान बिफान झालं काय?" तो म्हणतो, "छे हो, वारा पण नाही. दर्यो लागलाय."

वारा नाही आणि दर्या लागलाय, हे घाटावरच्या माणसाला पटत नाही. आमच्यातल्या निम्म्यांनाही पटत नव्हतं. आम्ही मासळी विकतो, पण आमचा समुद्र पेटीतल्या बर्फापासून सुरू होतो. म्हणून यंदा आगोट यायच्या आधी हा विषय नीट लिहून काढायचं ठरवलं. कारण आमच्याच घरातला एक पोरगा या कारणानं जाता जाता वाचला.

झालं असं. दोन वर्षांमागं, असाच मे महिना. आमच्यापैकी एकाचा भाचा आणि त्याचे तीन मित्र मालवणच्या बाजूला गरवायला गेले. अमावास्या होऊन दोन दिवस झालेले. सकाळी सातला ते किनाऱ्यावर पोचले तेव्हा सुकती होती, खडपं लांबपर्यंत उघडी पडलेली. पाणी कसं, तर पोरांच्याच शब्दांत, "नुसतं तळं पडलंय की!" चौघं चालत चालत खडपाच्या टोकाला गेले आणि गरी टाकून बसले. पाऊण तास काही झालं नाही. पायाशी पाणी नुसतं वरखाली होत होतं.

मग एकदम पाणी मागं ओढलं गेलं. एवढं, की खडपाच्या बुडाचं शेवाळ दिसायला लागलं. एकानं मोबाईल काढून फोटो घ्यायला सुरुवात केली. पहिली लाट गुडघ्याएवढी. दुसरी कमरेला. तिसरीनं भाचा उचलला आणि खडपाच्या आतल्या घळीत टाकला. पोहता येत होतं त्याला, पण त्या घळीत पोहणं कामाचं नव्हतं, पाणी एकदा आत फेकतं आणि एकदा बाहेर ओढतं. हाता-पायाला कालवांनी अशी चिरलं की जणू कुणी ब्लेड ओढलंय. रापणीची माणसं जवळच जाळं सुकवत होती, ती धावली. मोकळा कॅन दोरीला बांधून टाकला आणि पुढच्या लाटेबरोबर त्याला वर घेतला. पंधरा टाके पडले. बाकी सुखरूप.

त्या रापणकरांतला एक म्हातारा पोरांना काय म्हणाला, ते आम्ही इथं मुद्दाम त्याच्याच बोलीत देतो. "झिलांनो, सकाळधरना तीन वेळा ह्या खडप फुटला. तुमी मोजलात काय? दर्यो गप आसा म्हणान निजलो असा समजा नकात."

आता हे "तीन वेळा फुटलं" म्हणजे काय, ते समजून घेऊ. सगळी गोम तिथंच आहे.

समुद्रात दोन जातीच्या लाटा असतात. एक, तिथल्याच वाऱ्यानं उठलेली. दुपारी खारा वारा सुटला की जी चुळबुळ दिसते ती. दोन लाटांमध्ये चार ते सात सेकंदांचं अंतर. दिसायला खवळलेली, पण ताकद थोडी. वारा पडला की तीही पडते. दुसरी जात लांबून आलेली. तिचा वारा इथं नसतोच. तो विषुववृत्ताच्या पलीकडं, अंटार्क्टिकाच्या अलीकडच्या समुद्रात, चार-सहा दिवसांपूर्वी सुटलेला असतो. तिकडं एप्रिल-मेपासून हिवाळ्याची तुफानं सुरू होतात. त्यांनी उठवलेली लाट सहा-सात हजार किलोमीटर पाण्यावरून चालत आपल्याकडं येते. येईपर्यंत बारीकसारीक लाटा गळून जातात आणि लांब, गुळगुळीत, संथ लाटा तेवढ्या उरतात. दोन लाटांत सोळा, अठरा, कधी वीस सेकंद. खोल पाण्यात होडीत बसलेल्या माणसाला ती कळतही नाही. होडी हळूच वर जाते, हळूच खाली येते. बस.

पण ही लाट उथळ पाण्यात शिरली की तिचं रूप पालटतं. हिशेब सोपा आहे. सेकंदांचा वर्ग करायचा आणि त्याला दीडपट करायचं, म्हणजे लाटेची लांबी मीटरमध्ये साधारण मिळते. आठ सेकंदांची लाट शंभर मीटर लांब. अठरा सेकंदांची पाचशे मीटर! आणि लांबीच्या निम्म्या खोलीवर लाटेचे पाय तळाला लागायला सुरुवात होते. म्हणजे साधी लाट पन्नास मीटर पाण्यात येईपर्यंत तळाला ओळखतही नाही, आणि ही लांबची लाट किनाऱ्यापासून फार दूर असतानाच तळ चाचपायला लागते. तळ लागला की वेग कमी होतो, मागचं पाणी पुढच्यावर चढतं आणि उंची वाढते. शिवाय ती वळते. आडोशाला आहोत, पुढं टेकडी आहे, किल्ला आहे, म्हणून निर्धास्त राहावं असं तिच्या बाबतीत नाही. खडपाला वळसा घालून ती मागच्या बाजूनंही येते.

वाळूच्या किनाऱ्यावर तळ हळूहळू वर येतो, म्हणून लाट दमत दमत फुटते. खडपावर तसं नाही. दहा मीटर पाण्यातून एकदम दोन मीटर. मग लाट एका जागी, एका झटक्यात उभी राहते आणि कोसळते. पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या सव्वापट-दीडपटीच्या आत आली की लाट फुटते, हा सगळीकडचा नियम. समजा एक खडप सुकतीला दोन मीटर पाण्याखाली आहे. त्यावरून एक मीटरची लाट गुपचूप निघून जाते, पाण्याखाली काही आहे याचा पत्ताही लागत नाही. दीड मीटरची लाट मात्र तिथंच फुटते. आणि भरती येऊन त्याच जागी चार मीटर पाणी झालं, की दीड मीटरचीही फुटत नाही. म्हणून तेच खडप सकाळी पांढरं दिसतं आणि दुपारी गायब होतं. मालवणच्या नाखव्यांना ही खडपं तोंडपाठ असतात. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या भोवती अशीच रास आहे. शिवाजी महाराजांनी १६६४ साली कुरटे बेटावर किल्ला बांधायला घेतला तो काही उगाच नाही, त्या खडपांतली वाट ज्याला ठाऊक त्यालाच आत येता येतं. शत्रूचं गलबत थोपवायला जी खडपं कामाला आली, तीच आज गरवायला बसलेल्या पोराला पाडतात.

आता "तीन वेळा". लांबून आलेल्या लाटा एकसारख्या येत नाहीत, टोळीनं येतात. दहा-पंधरा मिनिटं बारीक लाटा, मग तीन-चार-पाच मोठ्या, मग परत शांत. आपण किनाऱ्यावर पोचतो, पाच मिनिटं बघतो आणि म्हणतो, "काय नाही की." ती पाच मिनिटं नेमकी मधली असतात. म्हणून म्हातारा सकाळपासून मोजत होता. आम्ही आता घरच्या पोरांना सांगून ठेवलंय, खडपावर पाय ठेवायच्या आधी वाळूत बसून वीस मिनिटं घड्याळ लावून बघायचं. खडपाचा कुठला भाग ओला आहे तेही बघायचं. भरती उतरून गेली तरी एखादा कातळ उंचावर ओला चमकत असेल, तर तिथं लाट चढून गेलेली आहे. कोरडा दिसतो तेवढाच कातळ आपला.

केरळात या प्रकाराला नाव आहे, कळ्ळक्कडल. कळ्ळ म्हणजे चोर, कडल म्हणजे समुद्र. चोरपावलांनी येणारा दर्या. कोळी लोकांचा हा शब्द २०१२ साली युनेस्कोनंही मान्य केला, आणि आता शास्त्रज्ञ इंग्रजीतही तोच वापरतात. ६ मे २०२४ ला कन्याकुमारी जिल्ह्यातल्या लेमूर बीचवर वैद्यकीय शिक्षण घेणारी पाच मुलं-मुली बुडाली. त्याआधीच इन्कॉइसनं दक्षिण किनाऱ्यासाठी लाटांचा इशारा दिलेला होता. पण आभाळ स्वच्छ होतं. स्वच्छ आभाळाखाली इशाऱ्यावर कोण विश्वास ठेवणार?

इन्कॉइस म्हणजे हैदराबादची भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र ही सरकारी संस्था, १९९९ पासूनची. मासळीचे थवे कुठं मिळतील याचा अंदाज देणारी तीच. रत्नागिरी, कारवार अशा ठिकाणी समुद्रात तिचे लाटा मोजणारे तरंगते बोये आहेत. तिचा समुद्र स्थितीचा अंदाज फोनवर फुकट मिळतो, 'समुद्र' नावाचं ॲपही आहे. अंदाज उघडला की आपली माणसं फक्त लाटेची उंची बघतात. एक मीटर? चला मग. इथंच फसगत होते.

पहिली गोष्ट, अंदाजातली उंची ही सगळ्यात मोठ्या लाटेची नसते. मोठ्यातल्या एक तृतीयांश लाटांची ती सरासरी असते. दिवसभरात त्याच्या जवळजवळ दुप्पट उंचीची एखादी लाट येणारच. दीड मीटर लिहिलं असेल तर तीन मीटरची एक कुठंतरी वाटेवर आहे असं धरायचं. दुसरी गोष्ट, उंचीच्या शेजारी सेकंद दिलेले असतात, ते आधी वाचा. एक मीटर आणि सहा सेकंद म्हणजे दुपारच्या वाऱ्याची खळखळ. एक मीटर आणि सतरा सेकंद म्हणजे खडपापासून लांब राहायचं. आकडा तोच, दर्या वेगळा. तिसरी गोष्ट दिशा. नैर्ऋत्येकडून येतेय की वायव्येकडून, त्यावर कुठलं बंदर आडोशाला आणि कुठलं उघडं ते ठरतं.

आणखी एक खूण आहे, ती आम्हाला फारच उपयोगी पडली. लांब सेकंदांची लाट जास्त वेगानं चालते. त्यामुळं दक्षिणेच्या तुफानातून निघालेल्या लाटांपैकी वीस सेकंदवाली आधी पोचते, पण अगदी बारीक, वीत-दोन वीत. तिच्या मागून दिवस-दीड दिवसात सोळा-सतरा सेकंदवाल्या येतात आणि खरी उंची त्यांना असते. म्हणजे शुक्रवारी अंदाजात सेकंदांचा आकडा एकदम बारावरून वीसवर उडाला आणि उंची मात्र जागच्या जागी असेल, तर शनिवार-रविवारी दर्या लागणार. नेमके आपल्या पोरांचे दिवस! सर्फिंगवाले लोक याच आकड्याची वाट बघत असतात. मुल्कीला, गोव्याला फळी घेऊन लाटेवर उभी राहणारी पोरं आपण बघतो आणि हसतो, पण सेकंद वाचायला त्यांच्याकडून शिकावं. त्यांना लाट हवी असते म्हणून ते बघतात. आपल्याला नको असते म्हणून आपण बघायचं, एवढाच फरक.

भरती-ओहोटीचा हिशेब मात्र आपल्या घरच्या कालनिर्णयावर होतो. तिथीची पाऊणपट करायची, तो भरतीचा तास. द्वितीया असेल तर दोनाची पाऊणपट दीड, म्हणजे दुपारी दीडच्या आसपास पूर्ण भरती आणि त्याच्या सव्वासहा तास आधी, सकाळी सव्वासातला, पूर्ण सुकती. दक्षिण कोकणात हे अर्धा-पाऊण तास इकडंतिकडं होतं, पण अडाणी हिशेब म्हणून चालतं. आता भाच्याची गोष्ट परत बघा. अमावास्येनंतरची द्वितीया म्हणजे उधाणाचे दिवस. सात वाजता पोरं गेली तेव्हा पाणी सगळ्यात खाली होतं. मालवणला उधाणात पाणी दोन मीटरच्या आसपास चढतं. पहिला तासभर ते हळू चढतं, कुणाच्या लक्षात येत नाही. तिसऱ्या-चौथ्या तासाला सगळ्यात जोरात. म्हणजे लाटेनं नेलं नसतं, तरी दहा वाजेपर्यंत परतीच्या वाटेवरच्या घळी भरल्याच असत्या. अष्टमीच्या आसपास, भांगाच्या दिवसांत गेले असते तर पाणी एवढं हललं नसतं. तिथी न बघता तारीख बघून निघालं की असं होतं. शनिवार-रविवार चंद्राला माहीत नसतो.

लाट आणि उधाण एका दिवशी गाठ पडली की काय होतं, ते २०१७ च्या डिसेंबरात सिंधुदुर्गानं बघितलं. ओखी वादळ किनाऱ्याला लागलंही नव्हतं, दूरवरून गुजरातच्या दिशेनं चाललं होतं. पण ३ डिसेंबरला पौर्णिमा होती, तीही चंद्र पृथ्वीच्या जवळ असतानाची. वादळाची लाट त्या उधाणावर चढली आणि देवबाग, मालवण भागात पाणी वस्तीकडं आलं. त्याच वादळात भरकटलेल्या केरळच्या ६६ आणि तमिळनाडूच्या २ होड्या, ९५२ खलाशांसह, देवगडच्या बाजूला येऊन लागल्या. सिंधुदुर्गवाल्यांनी त्यांना जेवू-खाऊ घातलं. ते आठवलं की आम्हाला अजून बरं वाटतं.

बरं, यंदाच्या उरलेल्या दिवसांत काय धरून चालायचं? तारीखवार अंदाज आम्ही इथं देणार नाही, तो रोजचा रोज बघायचा असतो. पण महिन्याची चाल सांगता येते. मेच्या पहिल्या पंधरवड्यात पहाटे मतलई वारा, सकाळी दहापर्यंत पाणी सपाट, दुपारनंतर वायव्येचा खारा वारा आणि संध्याकाळी खळखळ. हे नेहमीचं. त्यात मधूनच दोन-तीन दिवस दक्षिणेची लांब लाट, तीच आपली चोर. शेवटच्या आठवड्यात नैर्ऋत्येचा वारा धरायला लागतो, आणि मग दोन्ही लाटा एकत्र येतात. अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा झाला तर बंदरावर तीन नंबरचा बावटा चढतो. २०२१ ला तौक्ते वादळ असंच मेच्या मध्यात आलं होतं. किल्ल्याच्या होड्या, स्कूबा वगैरे महिनाअखेरीला बंद होतात. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, महाराष्ट्रात, गोव्यात आणि आपल्या कर्नाटकातही. त्या दोन महिन्यांत बाहेर तीन-चार मीटरच्या लाटा रोजच्या असतात, खडपावर जायचा विषयच नाही.

थंडीतला दर्या शांत म्हणतात, पण तिथंही एक अपवाद लिहून ठेवतो. फेब्रुवारी-मार्चात अरबस्तानाच्या बाजूला शमाल नावाचे वायव्येचे वारे सुटतात. त्यांची लाट दोन-तीन दिवसांनी आपल्या किनाऱ्याला लागते. सेकंद थोडे, आठ-नऊच्या आत, पण वायव्येला तोंड असलेल्या किनाऱ्यावर रापण ओढणं मुश्कील करते. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेनं यावर अभ्यास केलेला आहे.

आता आमच्या मावश्यांचा प्रश्न, "ह्या सगळ्याचा आमच्या पेटीशी काय संबंध?" संबंध आहे मावशी, आणि पैशाचा आहे. बारक्या होड्यांना खाडीच्या तोंडातून बाहेर पडावं लागतं. तोंडाशी वाळूचा उथळ पट्टा असतो, लांब लाट तिथंही खडपासारखीच उभी राहते. ती फुटत असली की गिलनेटवाला बाहेर पडत नाही, रापणवाला जाळं टाकत नाही. दोन दिवसांनी अनगोळात बांगडा कमी, तारली कमी, आणि दर वर. मोठे ट्रॉलर जातात, त्यामुळं सुरमई थोडीफार येते, पण रोजचं गिऱ्हाईक सुरमईचं नसतंय. मागच्या मेमध्ये आमच्यातल्या तिघींनी रविवारसाठी आगाऊ पैसे दिले, लग्नाच्या जेवणाची ऑर्डर घेतली, आणि शनिवारी पेटी आलीच नाही. गिऱ्हाईक काय समजून घेतंय होय! गोव्याकडून चढ्या दरानं माल आणून ऑर्डर पुरी केली, पदरचे गेले. शुक्रवारीच सेकंद वीसवर गेलेले होते. बघणारं कुणी नव्हतं.

म्हणून गेल्या वर्षापासून आमच्यात वाटणी केली आहे. बुधवारी आणि शुक्रवारी रात्री एकानं अंदाज उघडायचा आणि तीनच आकडे सगळ्यांना कळवायचे, उंची, सेकंद, तिथी. सेकंद पंधराच्या वर गेले की ऑर्डर निम्मी घ्यायची आणि सुकटीचा माल पुढं काढायचा. ज्याच्या घरची पोरं खाली जाणार असतील त्यानं ते त्याच वेळी सांगायचं. कुठल्या किनाऱ्यावर, किती वाजता, परत कधी. पोरं कंटाळतात. "मामा, पिकनिकला चाललोय, लढाईला नाही," असं ऐकून घ्यावं लागतं. ऐकून घेतो.

जाणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे. खडपावर गेलात तर दर्याकडं पाठ करून फोटो काढू नका. चपला काढू नका, कालवं पाय ठेवू देत नाहीत. पाणी एकदम मागं गेलं तर बघत थांबू नका, वर पळा, गरी राहू दे तिथंच. कुणी पडलं तर मागोमाग उडी मारू नका, तरंगणारं काहीतरी फेका. मोकळा कॅन, टोपण लावलेली मोठी बाटली, थर्माकोलची पेटी, आपल्या गाडीत यातलं काही ना काही असतंच. आणि फोन लावा, कोस्ट गार्डचा १५५४. ज्या गावात जाल तिथल्या एखाद्या रापणकराला किंवा होडीवाल्याला आधी विचारा, "दादा, आज खडप फुटतंय काय?" तो हातातलं काम न थांबवता सांगेल.

भाच्याच्या पोटरीवर अजून व्रण आहेत. गेल्या महिन्यात तो परत मालवणला जाऊन आला, तीच जागा, तोच म्हातारा. येताना एक पाटी शिणाणे आणले आणि सांगितलं की अर्धा तास वाळूत बसून होता, तेवढ्यात खडप दोनदा फुटलं, म्हणून गरी न टाकताच आला. शिणाणे म्हाताऱ्यानं दिलेले.

शुक्रवारचे आकडे रात्री नऊपर्यंत टाकतो. रविवारच्या ऑर्डरी त्यानंतरच घ्या.